फॉरमॅट नको, नंबर शोधा!

कॉम्प्युटरवरचं युजर खातं डिलीट केलं म्हणजे ते पुसलं गेलं, असं आपण सगळे धरून चालतो. ते पुसलं जात नाही! लॉगिनच्या पडद्यावरचं नाव जातं, पासवर्ड जातो. पण त्या खात्याचं फोल्डर पुष्कळदा सी ड्राइव्हमध्ये तसंच राहतं. रेजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, त्याची नोंद राहते. डी ड्राइव्हच्या रिसायकल बिनमध्ये त्याचा कप्पा राहतो. फायलींवर त्याचे हक्क लिहिलेले राहतात. आणि सगळ्यात भारी गोष्ट तर पुढेच आहे. इकडे-तिकडे विखुरलेल्या ह्या सगळ्या खुणा एकाच नंबराने बांधलेल्या असतात. तो नंबर हाती लागला की बिघडलेल्या खात्याची एकेक खूण शोधून काढता येते, तीही विंडोजमध्ये आधीपासून असलेल्या साधनांनी, एक रुपया न खर्चता, कॉम्प्युटर गावाबाहेर न नेता. मला हे नांदूरघाटात बसून सापडलं, आणि तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटले आहे!

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. इथे माझ्या चुलत भावाचं ऑनलाईन कामांचं केंद्र आहे. एक टेबल, एक प्रिंटर, एक कॉम्प्युटर. पण त्या एका कॉम्प्युटरवर किती जणांचं काय काय असतं! पीक विम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, पोरांच्या प्रवेशाचे फॉर्म, पासबुकांचे स्कॅन, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आधार कार्डं. पेरण्या आणि शाळांचे प्रवेश एकदम येतात, त्या दिवसांत दारात रांग असते. अशाच एका दुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी आधीच उतरलेली. काम चालू असताना कॉम्प्युटर झटक्यात बंद पडला. लाईट आल्यावर भावाने त्याचं रोजचं खातं उघडलं, तर डेस्कटॉप कोरा! वॉलपेपर नाही, फोल्डर नाहीत, काहीच नाही.

"ताई, सगळं गेलं बघ," त्याचा आवाज रडवेला झाला होता. "फॉरमॅटच मारावा लागल म्हणतेत."

आपल्याकडे कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर हा एकच इलाज सांगितला जातो. सीपीयू मोटारसायकलवर मांडीत धरून तालुक्याला न्यायचा, फॉरमॅट मारून आणायचा आणि गेलेल्या फायलींवर पाणी सोडायचं. पण पडद्याच्या कोपऱ्यात विंडोजनेच एक निरोप लिहिला होता: तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आला आहात, इथे तयार केलेल्या फायली साइन आउट होताच डिलीट होतील. हा निरोप वाचला आणि माझे डोळेच चमकले. हे प्रोफाइल तात्पुरतं असेल, तर कायमचं कुठेतरी असणारच ना! भावाला म्हटलं, "ह्या कोऱ्या डेस्कटॉपवर काहीही सेव्ह करू नको. साइन आउट कर, आपण दुसऱ्या खात्यातून बघू." कॉम्प्युटरवर वेगळं अॅडमिन खातं होतं, ते उघडलं. सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात भावाच्या खात्याचं फोल्डर. आणि त्या फोल्डरमध्ये सगळं होतं! सगळे अर्ज, सगळे स्कॅन, सगळे फोटो! एक फाइलही हललेली नव्हती.

मग विंडोजने कोरा डेस्कटॉप का दाखवला? इथून मी ह्या विषयात जी शिरले ती शिरलेच.

प्रत्येक खात्याच्या फोल्डरमध्ये 'एनटीयुजर डॉट डॅट' नावाची एक लपलेली फाइल असते. वॉलपेपर कोणता, आयकॉन कसे मांडलेले, कीबोर्डवर मराठी कशी येते, नेहमीचा प्रिंटर कोणता, हे सगळं तिच्यात. आपण लॉगिन केलं की विंडोज ती फाइल रेजिस्ट्रीत चढवतं, बाहेर पडलो की उतरवतं. लिहिणं चालू असताना लाईट गेली तर निभावून न्यायला तिच्या शेजारी दोन लॉग फायलीही ठेवलेल्या असतात, आणि बहुतेक वेळा त्या निभावतातही. क्वचित निभत नाही. फाइल वाचताच येईनाशी होते, आणि मग विंडोज माणसाला दारातच न अडवता युजर्समध्ये टेम्प नावाचं तात्पुरतं फोल्डर करून त्यात बसवतं. हे सगळं विंडोजने लिहूनही ठेवलेलं असतं! इव्हेंट व्ह्युअर उघडा, अॅप्लिकेशनच्या नोंदींत जा. १५११ क्रमांकाची नोंद म्हणते, तुमचं प्रोफाइल सापडलं नाही म्हणून तात्पुरतं दिलं. १५१५ म्हणते, जुन्या प्रोफाइलची नोंद बाजूला जपून ठेवली आहे. १५०८ म्हणते, रेजिस्ट्रीची फाइल चढवता आली नाही. आम्हाला ह्या तिन्ही मिळाल्या. कुणाला विचारायला जायची गरजच नाही, यंत्र स्वतः सांगतं आहे!

'बाजूला जपून ठेवली' ती कुठे? रेजिस्ट्रीत 'प्रोफाइललिस्ट' नावाचा एक कप्पा आहे. एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन आणि मग प्रोफाइललिस्ट, अशी वाट आहे. तिथे माणसांची नावं नाहीत. लांबलचक नंबर आहेत! एस-१-५-२१, पुढे तीन मोठे आकडे आणि शेवटी १००१, १००२ असं काहीतरी. नंबरावर क्लिक केलं की उजवीकडे 'प्रोफाइलइमेजपाथ' ह्या ओळीत त्याचं फोल्डर दिसतं, त्यावरून नंबर कुणाचा ते कळतं. भावाचा नंबर तिथे दोनदा होता: एकदा साधा, आणि एकदा शेवटी टिंब देऊन 'बीएके' जोडलेला. साधा नंबर टेम्पकडे बोट दाखवत होता, बीएकेवाला खऱ्या फोल्डरकडे. पुष्कळदा ह्या दोन नावांची अदलाबदल केली, बीएके काढून खऱ्याला त्याची जागा परत दिली, की खातं जसंच्या तसं उघडतं. एवढ्याशा दुरुस्तीसाठी किती कॉम्प्युटर उगाच फॉरमॅट झाले असतील! आमच्याकडे मात्र फाइलच खराब झालेली होती, त्यामुळे अदलाबदल करूनही खातं उघडलं नाही. आता सरळ रस्ता एकच होता. फायली बाहेर काढायच्या, जुनं खातं मोडायचं, नवीन करायचं.

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घेतलं. एनटीयुजरपासून सुरू होणाऱ्या फायलींना हात लावला नाही. खराबी तिथेच होती, ती नव्या खात्यात न्यायची कशाला? आणि इथे एक झकास गोष्ट सापडली. भावाचे जुने मराठी अर्ज युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले. दुसऱ्या खात्यातून ते उघडले की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. फॉन्ट गेला कुठे? २०१८ नंतरच्या विंडोज १०मध्ये फॉन्ट एकट्या खात्यापुरताही बसवता येतो, आणि तो त्या खात्याच्याच अॅपडेटा फोल्डरमध्ये, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स ह्या वाटेवर राहतो. तिथे तो होता! तिथून उचलला, राइट क्लिक करून 'सगळ्या युजर्ससाठी' बसवला, आणि खिचडीचं पुन्हा मराठी झालं. जुनं प्रोफाइल न बघता उडवलं असतं तर हा फॉन्ट कायमचा गेला असता.

मग भावाने कमांडने जुनं खातं डिलीट केलं आणि त्याच नावाचं नवीन खातं तयार केलं. पहिलं लॉगिन झालं. युजर्समध्ये बघतो तर दोन फोल्डर! एक जुनं, आणि दुसरं त्याच नावाला टिंब देऊन पुढे कॉम्प्युटरचं नाव जोडलेलं. डी ड्राइव्हवरचं पीक विम्याचं फोल्डर भावाने पूर्वी फक्त आपल्या खात्यापुरतं बंद केलेलं, तेही उघडेना. नाव तेच, माणूस तोच, पासवर्डही तोच, तरी विंडोज म्हणतं परवानगी नाही. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटीचं पान उघडलं. हक्कदाराच्या जागी लिहिलं होतं: 'अकाउंट अननोन', आणि पुढे कंसात तोच लांब नंबर, प्रोफाइललिस्टमध्ये पाहिलेला, जुन्या खात्याचा!

त्या क्षणी सगळं एकदम उलगडलं. विंडोज आपल्याला नावाने ओळखतच नाही! नाव फक्त आपल्या सोयीसाठी पडद्यावर दाखवायचं. आत जिकडेतिकडे चालतो तो हा नंबर, सिक्युरिटी आयडेंटिफायर, थोडक्यात एसआयडी. एस-१-५-२१ नंतरचे तीन मोठे आकडे हे त्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजचे; प्रत्येक ३२ बिटचा, विंडोज बसवताना तयार झालेला. शेवटचा आकडा खात्याचा. मूळ अॅडमिनिस्ट्रेटरचा नेहमी ५००, गेस्टचा ५०१, आणि आपण केलेली खाती १०००पासून पुढे. खातं डिलीट झालं तरी त्याचा आकडा पुन्हा कुणाला मिळत नाही. म्हणून त्याच नावाचं खातं पुन्हा केलं तरी विंडोजच्या लेखी तो नवा माणूस. आणि उलटही तितकंच खरं: खात्याचं नाव हवं तितक्या वेळा बदला, फायलींवरचा एकही हक्क हलत नाही, कारण फाइलवर नाव लिहिलेलंच नसतं.

गावात हे समजावून सांगताना मला सातबाराच सापडला. बँकेचं कर्ज फिटलं, पावती मिळाली, तरी सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात बोजा राहतोच; फेरफार होऊन तो कमी करावा लागतो. फायलींवरचा 'अकाउंट अननोन' म्हणजे असाच न उतरवलेला बोजा. खातं संपलं, पण जिथे जिथे त्याची नोंद आहे तिथे तिथे जाऊन ती कमी करायला कुणी गेलेलंच नाही. हे सांगितलं की केंद्रात बसलेले शेतकरी लगेच माना डोलावतात, पुढचं काही सांगावं लागत नाही.

मग मी त्या नंबराच्या मागे लागले. कुठे कुठे सापडला म्हणता!

पहिला मुक्काम अर्थातच प्रोफाइल. जुनं फोल्डर राइट क्लिक करून डिलीट करायचा मोह होतो, पण तो आवरा. तसं केलं तर फोल्डर जातं आणि प्रोफाइललिस्टमधली नोंद मागे राहते. बरोबर वाट वेगळी आहे. रन उघडून 'सिसडीएम डॉट सीपीएल' टाइप करा, अॅडव्हान्स्ड, मग युजर प्रोफाइल्सच्या सेटिंग्ज. तिथे यादीत 'अकाउंट अननोन' दिसतं, समोर त्याने किती जागा अडवली तेही. ते निवडून डिलीट केलं की फोल्डर आणि रेजिस्ट्रीतली नोंद एका फटक्यात जातात. डिलीटचं बटण फिकं दिसलं तर ते प्रोफाइल कुठेतरी चालू आहे. कॉम्प्युटर रीस्टार्ट करून पुन्हा या. नंतर प्रोफाइललिस्टमध्ये जाऊन खात्री केली. त्या नंबराची बीएकेवाली नोंद राहिलीच असेल, तर आधी ती एक्स्पोर्ट करून ठेवायची आणि मग हाताने काढायची.

दुसरा मुक्काम रिसायकल बिन. आपल्याला डेस्कटॉपवर एक टोपली दिसते, पण प्रत्येक ड्राइव्हवर एक लपलेलं फोल्डर असतं आणि त्यात प्रत्येक खात्याचा नंबर लिहिलेला वेगळा कप्पा! एक्स्प्लोररमध्ये ते नंबर दिसत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डीआयआर' पुढे स्लॅश ए दिलं की दिसतात. जुन्या खात्याच्या कप्प्यात डिलीट केलेल्या फायली जोडीजोडीने पडलेल्या होत्या. डॉलर आयने सुरू होणाऱ्या फायलीत मूळ जागा आणि डिलीट केल्याची वेळ, डॉलर आरने सुरू होणाऱ्या फायलीत खुद्द मजकूर. आणि त्यात आधार कार्डांचे, पासबुकांचे स्कॅन! काम झाल्यावर भावाने ते प्रामाणिकपणे डिलीट केले होते, पण टोपली रिकामी व्हायच्या आत खातंच बिघडलं. नव्या खात्याच्या टोपलीत ते कधीच दिसले नसते.

आणि त्याच ठिकाणी मला ह्या शोधातली सगळ्यात मोठी गोष्ट दिसली. डी ड्राइव्हवर आणखीही कप्पे होते, आणि त्यांचे मधले तीन आकडे आमच्या विंडोजचे नव्हतेच! मग हे आले कुठून? भानावर यायला थोडा वेळ लागला, आणि मग मी खुर्चीतून उठलेच. हे ह्याच कॉम्प्युटरवरचं आधीचं विंडोज होतं! कॉम्प्युटर पूर्वी फॉरमॅट झाला होता. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा होतो, विंडोज नव्याने बसतं, त्याला नवे तीन आकडे मिळतात, आणि डी ड्राइव्हवर जुन्या विंडोजच्या खात्यांचे कप्पे आणि हक्क जसेच्या तसे राहतात. ज्या फॉरमॅटने सगळं साफ होतं असं आपण मानतो, त्यानेसुद्धा खुणा जात नाहीत! उलट नंबर वाचता आला की कॉम्प्युटरचा मागचा सगळा इतिहास डी ड्राइव्हवर वाचायला मिळतो.

तिसरा मुक्काम फायलींवरचे हक्क. बंद पडलेलं पीक विम्याचं फोल्डर अॅडमिन खात्यातून 'टेकओन' कमांडने ताब्यात घेतलं, 'आयकॅकल्स'ने नव्या खात्याला हक्क दिला, आणि मग त्याच आयकॅकल्सला रिमूव्ह सांगून जुना नंबर काढला. ह्याच कमांडमध्ये 'फाइंडएसआयडी' अशी सोय आहे: नंबर द्या, आणि तो ज्या ज्या फाइलवर लिहिलेला आहे ती फाइल ती शोधून दाखवते. भावाचं फोल्डर उघडलं, विम्याच्या पावत्या दिसल्या, आणि तो जोरात ओरडला, "ताई, आलं की गं!"

चौथा मुक्काम टास्क शेड्युलर. ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं इथे असतात. वनड्राइव्हच्या अपडेटचं काम तर स्वतःच्या नावातच खात्याचा पूर्ण नंबर घेऊन बसलेलं असतं, त्यामुळे ते लगेच ओळखू येतं. खातं गेलं तरी काम यादीत राहतं. ते काढलं. ह्यापुढे रेजिस्ट्रीत तो नंबर शोधत गेलं तर इन्स्टॉलर, ग्रुप पॉलिसी, स्टोअरच्या अॅपच्या नोंदी अशा जागीही तो भेटतो. तिथे मी थांबले. त्या नोंदी कुणाला अडवत नाहीत, जागा खात नाहीत, आणि तिथे घाईने हात घातला तर चालू गोष्टी बंद पडू शकतात.

कारण प्रत्येक अनोळखी नंबर मेलेल्या खात्याचा नसतो, आणि हे ओळखता येणं हीच ह्या विद्येतली खरी कमाई. एस-१-५-१८, १९ आणि २० हे विंडोजचे स्वतःचे नंबर, आणि ते जगातल्या प्रत्येक विंडोजवर हेच असतात. नांदूरघाटच्या केंद्रात जो १८, तोच मुंबईच्या मंत्रालयात! प्रोफाइललिस्टमध्ये हे तिन्ही दिसतात. त्यांना कधीही हात लावायचा नाही. एस-१-१५-३ने सुरू होणारे लांब नंबर 'अकाउंट अननोन' म्हणूनच दिसतात, पण ते माणसांचे नाहीत. विंडोज ८पासून आलेल्या अॅपना कॅमेरा, माइक, फायली वापरायची जी मुभा असते, तिचे ते नंबर आहेत, आणि त्यांना मुळात नावच नसतं. ते काढू नका, असं खुद्द मायक्रोसॉफ्ट सांगतं. एस-१-५-८०ने सुरू होणारे नंबर विंडोजच्या सेवांचे. आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून आणलेल्या डिस्कवर अनोळखी नंबर दिसला, तर त्याचा मालक त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर मजेत काम करत असू शकतो! म्हणून आधी मधले तीन आकडे ताडून बघायचे. आपल्या कॉम्प्युटरचे असतील आणि त्या नंबराचं खातं आता नसेल, तरच तो आपला मेलेला नंबर.

आणखी एक गोष्ट जीव तोडून सांगते. विंडोजमध्ये एनक्रिप्ट केलेल्या फायली आणि ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड ह्यांची किल्ली त्या जुन्या प्रोफाइलमध्येच असते. नव्या खात्यात नुसती फाइल आणून ती उघडत नाही, आणि जुनं प्रोफाइल उडवलं की किल्लीही जाते. म्हणून आधी बॅकअप, मग रेजिस्ट्रीची एक्स्पोर्ट केलेली प्रत, आणि सगळं हाती आल्याची खात्री झाल्यावरच सफाई.

हा नंबर कुणाच्या डोक्यातून आला हे शोधल्याशिवाय मला चैन पडेना. डेव्ह कटलर १९८८ मध्ये डिजिटल कंपनी सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये आले आणि त्यांच्या हाताखाली विंडोज एनटी घडलं. १९९३ च्या जुलैत त्याची पहिली आवृत्ती आली, आणि माणसाला नावाऐवजी नंबराने ओळखायची ही रीत तिच्यातली. पुढे प्रोफाइलचं घर बदलत गेलं. एनटी ४मध्ये विनएनटीच्या आत प्रोफाइल्स, विंडोज २०००मध्ये डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज, व्हिस्टापासून युजर्स. नंबर मात्र तोच राहिला. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल ह्यांनी १९९६ मध्ये सिसइंटरनल्स सुरू केलं आणि विंडोजच्या पोटातलं दाखवणारी साधनं फुकट वाटली. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते सगळंच घेतलं, आणि साधनं आजही फुकट मिळतात. त्यातलं 'पीएसगेटसिड' नंबर दिला की नाव सांगतं, नाव दिलं की नंबर. 'ऑटोरन्स' हे साधन कॉम्प्युटर सुरू होताना काय काय चालतं ते दाखवतं, आणि ज्यांची फाइलच उरलेली नाही अशा नोंदी रंगाने वेगळ्या काढून देतं. ज्या साधनांनी जगातले जाणकार काम करतात, तीच साधनं नांदूरघाटात उघडतात, त्यात काडीचाही फरक नाही. हा आनंद मी कसा सांगू!

पण मला ह्या सफाईचं खरं मोल कळलं ते रिसायकल बिनमधले स्कॅन पाहून. एखादी आजी पेन्शनच्या कामाला येते, बोटाचा ठसा देते, आधार कार्ड टेबलावर ठेवते आणि विश्वासाने निघून जाते. तिचं काम झालं की तिचा कागद त्या कॉम्प्युटरवर राहायला नको. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचंही म्हणणं हेच आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कायद्याने ती ठेवायला सांगितलं नसेल, तर ती पुसायची. आता केंद्र चालवणाऱ्याने कितीही मनापासून पुसलं, तरी बिघडलेल्या खात्याच्या मागे उरलेलं फोल्डर आणि त्याची टोपली तशीच राहिली तर ते पुसणं अपुरं. तो कॉम्प्युटर उद्या विकला, दुरुस्तीला दिला, तर ते कागद कुणाच्याही हाती. म्हणून खुणा काढून झाल्यावर आम्ही आणखी एक पाऊल टाकलं. डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर हार्डडिस्कवर त्या जागी नवीन काही लिहिलं जाईपर्यंत शिल्लक असतो. विंडोजमधली 'सायफर' कमांड, स्लॅश डब्ल्यूसह दिली की ड्राइव्हवरच्या मोकळ्या जागेवर आधी शून्यं, मग एकं आणि मग यादृच्छिक आकडे लिहिते. वेळ लागतो, म्हणून रात्री दुकान बंद करताना लावून ठेवली. असलेल्या फायलींना ती हात लावत नाही. सकाळी भावाने शटर उघडलं तेव्हा त्या स्कॅनची मोकळ्या जागेतही खूण उरलेली नव्हती.

आता केंद्रात आम्ही नियम करून टाकला आहे. रोजच्या कामाचं खातं साधं, अॅडमिनचं वेगळं, म्हणजे एक बिघडलं तर दुसऱ्यातून आत जाता येतं. कागद एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये, आणि त्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. फॉन्ट बसवायचे ते सगळ्या युजर्ससाठी. यूपीएसची बॅटरी बदलली. आणि भिंतीवर एक कागद चिकटवला आहे, त्यावर आमच्या चालू खात्यांचे नंबर, शेवटच्या आकड्यासह. उद्या काही बिघडलं तर यादीत नसलेला नंबर लगेच ओळखू येईल.

आजूबाजूच्या गावांतली केंद्रं चालवणारी पोरंपोरी आता मला फोन करतात. "ताई, डेस्कटॉप कोरा झालाय," एवढं ऐकलं की माझा जीव हरखतो! कारण मला माहीत असतं की बहुतेक त्यांचं काहीच गेलेलं नाही. त्यांच्या फायली युजर्समध्ये आहेत, त्यांचा नंबर प्रोफाइललिस्टमध्ये आहे, काय झालं ते इव्हेंट व्ह्युअरमध्ये लिहिलेलं आहे. त्यांना फक्त तिथवर न्यायचं असतं. एकदा तो नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की पुढच्या वेळी ती पोरं मला फोन करत नाहीत, दुसऱ्याला शिकवतात.

तुम्हीही बघा. आत्ताच बघा, काही बिघडायची वाट कशाला? कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'हूअॅमआय' सलग टाइप करा, जागा सोडून स्लॅश युजर, आणि एंटर दाबा. तुमचा नंबर समोर येईल. तो लिहून ठेवा. आणि उद्या कुणी तुमच्या कॉम्प्युटरकडे बघून फॉरमॅट म्हणालं, तर त्याला खुर्ची द्या, चहा द्या आणि ठामपणे सांगा: थांबा, आधी प्रोफाइललिस्ट उघडू!